उजवा हात आणि टीव्हीतलं जंगल

१९ जानेवारी

गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनं सांगतलं, रोज दहा ओळी लिहा. काय लिहाचं, मी विचारलं. म्हणे काहीही लिहा बुधरीबाई, मी वाचणार नाही, फक्त अक्षर पाहीन. मग वही कशाले, भिंतीवर रेघोट्या ओढते. म्हणे नाही, वहीतच. चौथी शिकली मी, त्यात दीड वर्ष गुरुजीच नव्हते. घरी गोंडी बोलतो आम्ही. लिहाची तेवढी मराठी. पेन धरली का घसरते. दुसऱ्यांदा उचलून राह्यली.

हात असा काऊन झाला ते एकदाच लिहिते. मागच्या चैतात मोह वेचाले गेली तर अस्वलानं धरलं. मागून आलं. कोपरापासून पंजापर्यंत फाडलं, दोन बोटांच्या नसा तुटल्या. डॉक्टरनं जोडल्या. जीव वाचला. झालं. आता कोणी विचारू नये.

२२ जानेवारी

मोनाली आली. माझी पोट्टी, बावीस वर्षांची. गडचांदूरले एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. दोन बस बदलून आली आणि पिशवीतून एक काळा डब्बा काढला.

"माय, हे घे. टीव्हीले जोडून खेळाचं. कोणाचा तरी वापरलेला हाय, पण चांगला हाय."

"मी काय लहान हाय?"

"तुझ्या मॅडमले फोन केला होता मी. बटनं दाबून दाबून बोटं मोकळी होते म्हणे."

"बटनंच दाबाची तर मिक्सरची दाबते ना."

हसली नाई. आजकाल ही पोट्टी माझ्यासमोर हसत नाई. हाताकडं पाहते आणि लगेच चुलीकडं पाहते. एवढ्या लांबून हे ओझं कशाले आणलं समजत नाई. बांगड्या आणल्या असत्या तर समजलं असतं.

दोन्ही हातांत धराचा रिमोट आहे, दोन शिंगांचा. डाव्या अंगठ्यानं चालाचं, उजव्यानं पाहाचं, वरची बटनं बोटांनी. ती बोटं माझी आहेत का शेजारणीची तेच मले समजत नाई.

पहिला खेळ गाड्यांचा. मी वळाचं बटन सोडून सगळं आंगच वळवलं, गाडी भिंतीत. परत लावली, परत भिंतीत. बारा गाड्यांत माझी बारावी. एवढा चांगला डांबरी रस्ता आणि त्यावर एक बैल नाई, एक बकरी नाई, शाळेतून येणारी पोरं नाई. असा रस्ता कुठी असते?

२३ जानेवारी

मोनाली गेली. जाताना बापाले म्हणाली, "बा, यंदा मोहाले एकटा नको जाऊ."

तिचा बा म्हणजे पोचू. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणते, पण वही कोण वाचते. पोचू म्हणाला, "हं." हा माणूस दिवसाचे दहा शब्द बोलते. त्यातले पाच बैलाशी.

नाल्यापलीकडं आमची सहा मोहाची झाडं आहेत. सासूची होती, आता माझी. फागुन सरता सरता फुलं पडाले लागते. तोवर माझी मूठ वळली पाहिजे, नाई तर पोचू एकटाच जाईल. त्याले एकटं जाऊ द्याचं नाई, एवढं ठरवलं. म्हणून खेळून राह्यली. हौस नाई मले.

३ फेब्रुवारी

दुसरा खेळ लावला, चार दिवस झाले. एक ठेंगणा निळा जीव उड्या मारत जाते. वाटेत कासवं येते. कासवाच्या पाठीवर उडी मारली का ते चपटं होते आणि दार उघडते.

आमच्या कुळात कासवाले पाय लावत नाईत. मी सगळ्या कासवांवरून उडी मारून पलीकडं गेली. एकालेही लागू दिलं नाई. दार उघडलं नाई.

ललिता पाहत बसली होती. माझी लहानी जाऊ. तिले दुसऱ्याच्या घरी बसाले गजब वेळ असते.

"अवो बाई, मारा ना उडी! टीव्हीतलं कासव हाय ते."

"टीव्हीत देव दाखवला तर हात जोडते का नाई तू?"

"जोडते."

"मग?"

फोनवर मोनालीले विचारलं, दुसरा रस्ता नाई का. नाई म्हणाली. मग तो खेळ आमच्या लोकांसाठी नाई. ज्यानं बनवला त्यानं विचारलं नाई कोणाले.

पण चार दिवस मी त्या कासवांवरून उड्या मारत राह्यली, उगीच. इकडून तिकडं, तिकडून इकडं. आज वरण वाढताना पळी पडली नाई.

१२ फेब्रुवारी

गाड्यांत पहिली आली! वरची दोन्ही बटनं, अंगठा, सगळं एकदमच दाबलं आणि शेवटच्या वळणावर पिवळ्या गाडीले असा धक्का दिला का ती खड्ड्यात. ओरडली मी. कोंबड्या उडाल्या. पोचू अंगणातून पळत आला, काय झालं म्हणून.

"पहिली आली."

त्यानं टीव्ही पाह्यला, मग माझा हात पाह्यला. कुठलं बोट कुठं आहे ते नीट पाह्यलं.

"चांगलं झालं," म्हणाला. "मोहाले दोघं जाऊ."

मी म्हटलं, "कुठी? हे बटन दाबणं वेगळं, वेचणं वेगळं. वाकून वाकून वेचाचं असते. हात अजून सुजते."

सुजते म्हणजे थंडीत थोडा दुखते. दुखणं आणि सुजणं एकच.

२० फेब्रुवारी

मोनालीनं शेतीचा खेळ लावून दिला फोनवर सांगून सांगून. हा मले पसंत आला. म्हणजे खोटा आहे, पण पसंत आला. बी टाकली का तिसऱ्या दिवशी पीक. रानडुक्कर नाई, माकड नाई. पाणी पाहिजे तर बटन. गायीले हात लावला का ती गोड हसते. माझी गाय मले एकदाही हसली नाई.

शेताच्या कडेले जंगल आहे. हिरवंगार. तिकडं चाललं का माणूस थांबते, पुढं जात नाई. कितीही बटन दाबा. कुंपण दिसत नाई, पण आहे. मले बरं वाटलं. आज चार तास तिथंच राह्यली, नुसतं वांगी लावत.

पोचू जेवाले बसला तेव्हा मी म्हटलं, "हे असं पाहिजे. जंगल दुरून पाहाचं."

तो म्हणाला, "हं."

२ मार्च

मोनाली दोन दिवस आली होती. काल तिच्यासोबत गाड्या खेळली. पाच वेळा हरवलं तिले. पाचव्या वेळी रिमोट खाली ठेवून माझ्याकडं पाहत राह्यली.

"माय, हात बरा झाला तुझा."

"कुठी बरा? रात्री बोटं आखडते."

"मले हरवून राह्यली तू. मी लहानपणापासून मोबाईल खेळते."

"तू कच्ची आहेस म्हणून हरली."

ती भांडी घासाले बसली, मी नको म्हटलं तरी. पाठमोरीच म्हणाली, "मी तिकडं गेली नसती तर बरं झालं असतं ना."

याचा आणि हाताचा काय संबंध? मी म्हटलं, "गेलीस ते गेलीस, आता भांडी नीट घास." पोट्टी रडून राह्यली का धुरानं डोळे चुरचुरले, समजलं नाई.

जाताना एक नवीन खेळ टाकून गेली. जंगलाचा. म्हणाली, "पाहिजे तर खेळ. नाई पाहिजे तर नको." मी म्हटलं, टीव्हीतल्या जंगलाले काय भ्याचं.

४ मार्च

त्या जंगलाच्या खेळात खोट आहे.

एक माणूस, हातात धनुष्य. थंडीचा मुलूख, झाडं उंच उंच, सरळसोट. माणूस जंगलात असा चालते जसा बाजारात चालते. वारा कुठून आहे पाहत नाई. खाली पाहत नाई, काय हगलं आहे, काय उकरलं आहे. मी त्याले पाच पावलं चालवलं, थांबवलं, ऐकलं. मग पाच पावलं. ललिता म्हणाली, अशानं संध्याकाळ होईल. म्हटलं, होऊ दे.

मग एक झुडूप हललं. आणि रिमोट हातात थरथरला. खरोखर! उंदीर शिरल्यासारखा. मी फेकून दिला. चुलीजवळ जाऊन पडला.

ललिता हसली. मी टीव्ही बंद केला. मोनालीले फोन केला का तुझा डब्बा बिघडला. ती म्हणाली, बिघडला नाई माय, जनावर जवळ आलं का तसाच थरथरते, तसंच बनवलं आहे.

कोणी बनवलं? त्याले धरून आणा माझ्यासमोर.

७ मार्च

परत लावला. ललिता नसताना.

झुडपातून अस्वलच निघते. तपकिरी, आपल्याइथल्या दुप्पट. आधी दोन पायांवर उभं राहते, गुरगुरते, मग धावते. म्हणजे सांगून येते. आपलं सांगत नाई. आपलं मोहाखाली डोकं घालून सूं सूं ओढत बसते, त्याले दुसरं काही ऐकू येत नाई, आणि तुम्ही त्याच्या आंगावर जाऊन पडता.

आणि खेळातला माणूस झाडावर चढला का ते खालीच फिरते! झाडावर चढत नाई! आपलं तर माणसापेक्षा लवकर चढते. एवढीही माहिती नाई बनवणाऱ्याले.

मेली. मेलं का पडदा काळा होते आणि माणूस परत पाण्याजवळ उभा. धडधाकट. कपडे बी फाटलेले नाई. मले गजब राग आला. असं असते का?

तीन वेळा मेली.

११ मार्च

गडचिरोलीले जाऊन आली. मॅडमनं एक मशीन दाबाले दिली. उजव्यानं दाबली, डाव्यानं दाबली. काटा दोन्हीकडं सारखाच. वही पाह्यली, वाचली नाई. अक्षर पाहून म्हणाल्या, "बुधरीबाई, तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो आता. सगळी कामं करा. घाबरायचं नाही."

घाबरते कोण?

घरी पोचूनं विचारलं, काय म्हणाल्या मॅडम. मी सांगतलं, म्हणाल्या अजून महिनाभर जपा, टोपली उचलाची नाई.

त्यानं खाटेखालून टोपल्या काढल्या होत्या, दोन. मोठी आणि माझी. माझी परत खाटेखाली सरकवली. मी टीव्ही लावला.

१५ मार्च

होळी झाली. मोह सुरू झाला. काल संध्याकाळपासूनच वास येऊन राह्यला, नाल्याकडून वारा आला का घरभर.

पोचू पहाटेच गेला. कोंबडा आरवाच्या आधी. एकटा.

मी म्हटलं, "दसरूसोबत जा." दसरू म्हणजे ललिताचा नवरा.

"त्याची झाडं तिकडच्या अंगाले हाय. त्याले लांब पडते."

"मग डब्बा वाजवत जा. पिपा घे, वाजवत जा."

"लोकं झोपून राह्यते."

"झोपू दे लोकाले! खाकर तरी. गाणं म्हण."

"मले कुठी येते गाणं," म्हणाला आणि गेला. पाय वाजत नाईत त्याचे. घरातून गेला ते मले दार लागल्यावर समजलं. असा माणूस जंगलात शिरला तर जनावराले कसं कळंल का माणूस आला?

आठ वाजता आला. टोपली भरून. मी तोवर जंगलाचा खेळ खेळत होती. चार वेळा मेली.

१८ मार्च

रोज पहाटे जाते. रोज मी दार लागल्याचा आवाज ऐकते आणि उठून खेळ लावते. नाई लावला तर कान नाल्याकडं राहते.

लाईन गेली आज साडेपाचले. टीव्ही बंद. मग पोचू येईपर्यंत अंगण झाडलं. दोनदा झाडलं. ललिता कंबरेले टोपली मारून निघाली होती.

"बाई, तिसऱ्यांदा झाडता का आता?"

"तुले काय कराचं?"

"नाई, म्हटलं झाडून राह्यल्या उजव्या हातानं. गाडी चालते उजव्या हातानं. टोपलीलेच तेवढं दुखते."

मी झाडू फेकून मारला. लागला तिले. उजव्याच हातानं फेकला होता, नेम चांगला बसला. ती पाय चोळत, हसत हसत गेली. हिच्या जिभेले कोणी टाके घालत नाई.

२१ मार्च

पोचू म्हणाला, मोठ्या झाडाखाली ओली माती उकरलेली आहे. ते येऊन राह्यलं. पिलू पाठीवर असल तर वजनानं पाय खोल रुततात, तसे रुतलेले आहेत.

"मग नको जाऊ त्या झाडाले."

"सगळ्यात जास्ती त्याच झाडाले पडून राह्यलं."

"पडू दे!"

"तुझ्या सासूचं झाड हाय."

मी म्हटलं, सासू मरून गेली, ती काय पाहाले येते. यावर हसला. आणि उद्या जाणार.

दुपारी खेळात अस्वलाले पहिला बाण लागला. तरी मेली.

२४ मार्च

आज खरं लिहिते. दुपार आहे, कोणी नाई घरी.

मी सगळ्यांले सांगतलं, अस्वल मागून आलं. दवाखान्यात, पंचनाम्याले आलेल्या जंगलवाल्यांले, मोनालीले. मागून नाई आलं. समोर होतं. मीच त्याच्यावर जाऊन पडली.

वीस वर्षं आम्ही दोघं मोहाले जातो आणि वीस वर्षं मी रस्ताभर बोलते. गाव हसते. बुधरी निघाली का नाल्यापलीकडचे पाखरं उडते म्हणते. पोचू मागून चालते, हं हं करते. आणि वीस वर्षांत एकदा जनावर आडवं आलं नाई. येईल कसं, त्याले अर्धा कोस आधी समजत होतं का ही बाई येऊन राह्यली.

त्या दिवशी मी बोलली नाई. आदल्या दिवशी समजलं होतं का पोचूनं मोनालीले गडचांदूरच्या नोकरीले हो म्हटलं. मले न विचारता. ती निघून गेल्यावर समजलं मले, तिची कपड्यांची पेटी रिकामी दिसली तेव्हा. मी म्हटलं, याच्याशी आता एक शब्द बोलाचा नाई. बोलली नाई. रागानं पुढं पुढं गेली, तो मागं राह्यला. पाय आपटले नाई, खाकरली नाई. मेल्यासारखी गप्प चालली. आणि ते तिथं डोकं घालून खाऊन राह्यलं होतं, सूं सूं.

पुढचं लिहाचं नाई.

अक्षर आज चांगलं आलं. ही वही मॅडमले दाखवणार नाई.

२७ मार्च

पोचूले म्हटलं, उद्यापासून जाऊ नको. तो म्हणाला, आठ दिवसांचाच मोह राह्यला. मी म्हटलं, मी सांगून राह्यली ना! तो म्हणाला, "मग चल माझ्यासोबत."

हात, म्हटलं मी.

"हं," म्हणाला.

पूर्ण दिवस बोललो नाई आम्ही. मी नाई बोलली, आणि तो तर तसाही बोलत नाई.

२९ मार्च

अक्षर आज वाकडं आलं. नसेचा काही संबंध नाई.

पोचू पहाटेच गेला. मी जाग आली तशी पडून राह्यली, बोलली नाई. मग टीव्ही लावला. अस्वलापर्यंत गेली. मेली. परत पाण्याजवळ. परत मेली. घड्याळात पाह्यलं तर आठ. पोचू नाई. साडेआठ. मी खेळत राह्यली. रिमोट थरथरते, मी मरते, परत पाण्याजवळ. नऊ वाजले. ललिता आणि दसरू भरल्या टोपल्या घेऊन आले.

"पोचूभाऊ नाई आले?" ललितानं विचारलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"तुम्ही पाह्यलं नाई?"

"आम्ही तिकडून आलो. दोनदा हाक मारली त्याइले. वो नाई आली."

दसरू म्हणाला, थांब वहिनी, दोन माणसं घेतो, पिपे घेतो. तो माणसं गोळा कराले गेला. मी थांबली नाई. नाल्यापर्यंत पळत गेली. चप्पल नाई, कुऱ्हाड नाई, आणि नाल्याजवळ पाह्यलं तर रिमोट हातातच.

नाल्यात पाय टाकला नाई. कितीही म्हटलं तरी पाय पुढं जात नाई. त्या शेतीच्या खेळातल्यासारखं. कुंपण दिसत नाई आणि आहे. पलीकडं मोहाचा वास. एकही पाखरू बोलत नव्हतं. किती वेळ उभी होती सांगता येत नाई. मनात आलं का इथं मेलं तर परत पाण्याजवळ कोणी उभं करत नाई. पोचूले बी नाई.

मग तोंडातून निघालं. मी ठरवलं नव्हतं.

"मोनालीच्या बा! मले न विचारता पोट्टीले पाठवलं तू!"

आवाज गजब मोठा निघाला. पाण्यात पाय पडला.

"मी काय मेली होती? जन्म मी दिला, दूध मी पाजलं, आन् हो म्हणाले तू एकटा? सांगतलं का मले? आदल्या दिवशी भात वाढला मी तुले, तेव्हा बी नाई सांगतलं! वाटलं ना का ही बोंबलंल! बोंबलली असती! दोन दिवस बोंबलली असती आन् मग मीच तिची पेटी भरून दिली असती! आता ती पोट्टी मले पाहून रडते! तुझ्या गप्प राहण्यानं झालं हे सगळं! आन् माझ्या!"

असं म्हणत म्हणत चालली. सगळं बोलली. एक वर्षाचं. सासूवरचं बी बोलली. रडत होती का ओरडत होती माहीत नाई. पळसाच्या वळणावर गेली तर मोठ्या झाडाखाली ते होतं.

दोन पायांवर उभं. माझ्याकडंच तोंड. छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. पाठीमागं पिलू. मधात तीस-चाळीस पावलं असतील.

थांबली असती तर पडली असती. म्हणून तिथूनच बोलत राह्यली, आवाज कमी नाई केला. काय बोलली आठवत नाई. त्यानं नाक वर करून हवा ओढली. मग चार पायांवर आलं, पिलू पाठीवर चढलं, आणि नाल्याच्या खालच्या अंगाले गेलं. पळालं नाई. कटकट ऐकून माणूस उठून जाते तसं गेलं.

पोचू वर होता, दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात. पहाटेपासून. ते झाडावर चढते हे त्याले माहीत आहे, पण दुसरं जवळ काही नव्हतं. खाली मोहाचा सडा होता, म्हणून अस्वलाचं ध्यान खालीच राह्यलं. एकदा चार हात वर चढून आलं होतं, मग पिलू ओरडलं म्हणून उतरलं. हाक काऊन नाई मारली म्हटलं तर म्हणे, हाक मारली असती तर परत वर पाह्यलं असतं त्यानं.

पाय बधिर झाले होते, उतरताना घसरला. मी धरला. उजव्या हातानं, मनगटाले. त्याचं सगळं वजन आलं. धरून ठेवला.

तो माझ्या हाताकडं पाहत राह्यला. मी म्हटलं, "बरा आहे. फेब्रुवारीपासूनच बरा आहे."

"हं," म्हणाला. मग म्हणाला, "मले विचाराले पाहिजे होतं तुले."

दसरू आणि माणसं पिपे वाजवत आले तेव्हा आम्ही बसलो होतो.

३१ मार्च

काल गेली नाई. मोनालीले फोन केला आणि सगळं सांगतलं. समोर होतं, मागून नाई, हे बी. मी गप्प चालली म्हणून झालं, तुझ्यामुळं नाई, समजलं का. ती म्हणाली, "माय, एवढ्या मोठ्यानं नको बोलू, ऑफिसात सगळे ऐकून राह्यले."

आज पहाटे माझी टोपली मीच काढली.

भ्याव गेलं नाई. लिहून ठेवते, कारण लोकं म्हणतील गेलं. दारातून निघतानाच दोनदा थांबली. पण बोलाले लागली. ललिताचं बोलली, दसरूच्या कुत्र्याचं बोलली, त्या खेळातल्या बावळट माणसाचं बोलली जो वारा पाहत नाई. नाला आला. पाण्याच्या कडेले आली तर तोंडच बंद. एक शब्द आठवेना. नुसता पाण्याचा आवाज.

तेव्हा मागून पोचू बोलाले लागला.

मोठ्यानं. जसा शाळेत धडा म्हणते पोरगं, तसा. लग्नाआधी मले पाहाले आला होता तेव्हा काय जेवण होतं तिथून सुरू केलं. मधात अडकला, परत सुरू केलं. मी पाण्यात पाय टाकला. पुढचं काय काय बोलला ते लिहीत नाई, ते माझं आहे. एवढं लिहिते का मोठ्या झाडापर्यंत थांबला नाई, आणि दोन्ही टोपल्या भरेपर्यंतही थांबला नाई.